बादशहाचं आजारपण

"गाणंबिणं म्हणते का मुलगी?" प्रल्हाद गलगलींच्या आईनं विचारलं, तेव्हा आम्ही पाचजण गोलघुमटाच्या आत बादशहाच्या कबरीसमोर उभे होतो.

मुलगी म्हणजे मी, तुंगा उमराणीकर. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि विजापुरात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते. सव्वीस म्हणजे त्या काळी आमच्यात डोक्यावरून पाणी गेलेलं वय. माझ्या पाठची वारिजा एकविसाची झाली होती आणि माझं घोडं गंगेत न्हाल्याशिवाय तिच्या लग्नाचा विषय काढायची सोय नव्हती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अप्पा कोर्टात नोकरीला होते. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं ऐकायची आणि घरी आल्यावर कुणाशीच भांडण नको म्हणून गप्प बसायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. आम्ही बहिणी त्याला त्यांचा चांगुलपणा म्हणायचो.

मला बघायचा कार्यक्रम खरं तर घरी व्हायचा होता. वारिजानं पोह्यांची तयारी करून ठेवली होती. पण सोलापूरची गाडी सकाळी लवकर आली, आणि विजापूरच्या स्टेशनाबाहेर पडलं की पहिला दिसतो तो घुमटच. प्रल्हादच्या आई, राधाक्का, टांग्यात बसायलाच तयार होईनात. एवढ्या लांब आलोय तर आधी घुमट बघू, मुलीलाही तिथंच बोलवा, बाहेरच्या उजेडात बघितलेली बरी, असं त्यांचं म्हणणं पडलं. अप्पा त्यांना आणायला स्टेशनावर गेले होते. ते नाही म्हणणाऱ्यांतले नव्हतेच. त्यांनी टांगेवाल्याबरोबर मला निरोप धाडला. कार्यक्रमासाठी काढलेली इरकली पलंगावर तशीच राहिली आणि मी रोजची शाळेची साडी नेसून निघाले. आंब्याची पारख करावी तशी मला उजेडात बघणार म्हटल्यावर माझं डोकं आधीच फिरलेलं होतं.

तर गाण्याचं. अप्पा चाचरत म्हणाले की गाणं नाही येत, पण इतिहास फार छान सांगते. राधाक्कांना ते काही पटलेलं दिसलं नाही. त्यांचे थोरले चिरंजीव गुरुनाथराव, सोलापुरात कापडाचं दुकान चालवणारे आणि न आलेल्या वडिलांच्या जागी बोलणारे, जरा हसून म्हणाले, मग याचाच सांगा की इतिहास. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता ते प्रल्हाद त्यांच्या शेजारी उभे होते. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. मान मागे टाकून ते घुमटाचा माथा आतून कसा दिसतो ते बघत होते आणि माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मला ते त्या सगळ्यांत बरे वाटले.

मग मी सांगितला इतिहास. वर्गात सांगते तसाच सांगितला. महंमद आदिलशहा गादीवर आला आणि त्यानं स्वतःच्या कबरीचं काम काढलं. आयुष्यभर ते चाललं होतं. मधे एक खांब नाही, नुसत्या एकमेकींत गुंतवलेल्या कमानींनी एवढा घुमट तोलून धरलाय. समोर चौथऱ्यावर दिसतात त्या कबरी नुसत्या दाखवायच्या, खऱ्या खाली तळघरात आहेत. बादशहा, त्याच्या बेगमा, मुलगी, नातू आणि रंभा नावाची नाचणारीण.

"नाचणारीण? बेगमांच्या शेजारी?" राधाक्कांनी पदर सावरला.

इथले गाइड सांगतात की बादशहानं थट्टेत प्रेमाची खूण मागितली आणि तिनं वरून उडी टाकली, पण त्याला पुरावा काही नाही, असं मी म्हटलं. राधाक्कांना पुरावा नको होता. अगं बाई, म्हणून त्यांनी त्या कबरीला हात जोडले. मग त्यांनी विचारलं, बादशहा लढाईत गेला का?

"नाही हो. शेवटची कितीतरी वर्षं तो आजारीच होता," मी म्हणाले. "बाहेर बादशहा म्हणून नाव त्याचं, पण खरा कारभार राणी बघायची. बडी साहिबा म्हणायचे तिला. दरबारातल्या लोकांना बादशहाच्या तब्येतीचा थांगपत्ता लागू द्यायचा नाही, परक्या वकिलांना तोंड द्यायचं, सगळं तिनं निभावलं. आणि गंमत म्हणजे ती काही या रांगेत नाही, असं मानतात."

मी हे शेकडो मुलींना सांगितलेलं होतं. कुणाचा चेहरा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. राधाक्कांचा उतरला. गुरुनाथरावांचं हसू गेलं आणि त्यांनी एकदम विचारलं, "आजार कसला होता?"

"नक्की सांगता येत नाही. कुणी काय लिहितं, कुणी काय."

प्रल्हाद आता घुमटाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते आणि मी पुढं काहीतरी बोलेन याची वाट बघत होते. मला वाटलं, बायकोनं राज्य चालवलं हे यांना झोंबलं असणार. झोंबू दे, म्हटलं मनात. अप्पांनी मात्र घाईघाईनं विषय बदलला आणि वर सज्ज्यात जाऊ या म्हणाले.

घुमटाच्या आतून, अगदी वर, गोल सज्जा फिरलेला आहे. तिथं जायचं तर कोपऱ्यातल्या मनोऱ्यातला अरुंद जिना चढावा लागतो, आणि तो भल्याभल्यांना घाम फोडतो. राधाक्का अंगानं भारी. त्या खालीच बसतील असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या म्हणाल्या, प्रल्हाद, तू नको चढूस, आणि ते ऐकेनात तेव्हा स्वतःच पदर खोचून त्यांच्या मागोमाग निघाल्या. पुढं गुरुनाथराव, मधे प्रल्हाद, मागं आई. वर सज्ज्यात पोचल्यावरही आईनं आणि भावानं प्रल्हादांना भिंतीच्या बाजूला ठेवलं आणि आपण कठड्याच्या बाजूनं चालले. तीस वर्षांच्या बाप्याला एवढं काय जपायचं ते मला कळेना. लाडोबा असेल, असं मी ठरवून टाकलं.

वर मी टाळी वाजवून दाखवली. ती घुमटात फिरत फिरत पुन्हा पुन्हा ऐकू आली आणि राधाक्का दम लागलेला असतानाही हसल्या. त्यांनी स्वतः खोकून बघितलं. या घुमटाची आणखी एक गंमत आहे, ती मी शेवटी दाखवायची म्हणून राखून ठेवली होती. सज्ज्यात एका बाजूला भिंतीपाशी कुणी नुसतं कुजबुजलं तरी ते थेट समोरच्या बाजूला, भिंतीला टेकलेल्या माणसाला शेजारी बसून सांगितल्यासारखं ऐकू येतं. सकाळी गर्दी नसली म्हणजे तर शब्दन् शब्द. विजापूरच्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. सोलापूरकरांना ठाऊक नव्हतं.

आता मुलगी बघायला आलेल्या लोकांची एक रीत असते. चहापोहे होतात, मग पाहुणे म्हणतात, आम्ही जरा बाजूला जाऊन बोलतो. परसात जातात, माडीवर जातात, नाहीतर अंगणातल्या झाडाखाली उभे राहतात. मुलीच्या घरच्यांनी तिकडं बघायचंही नाही. गुरुनाथराव म्हणाले, आम्ही जरा पलीकडे जाऊन येतो. आणि ते तिघं सज्ज्याला अर्धा वळसा घालून बरोब्बर आमच्या समोर, भिंतीच्या कडेला जाऊन बसले. तिथून ते इतके लहान दिसत होते की एवढ्या लांबून काय ऐकू जाणार असं त्यांना वाटलं, यात त्यांची चूक नाही.

मी भिंतीला टेकून बसले होते. अप्पा शेजारी. चढून दमले होते, डोकं भिंतीला लावून त्यांनी डोळे मिटले होते. उठून लांब जावं, हे मला सुचलं होतं. मी उठले नाही.

"हिला कुणीतरी सांगितलंय," गुरुनाथरावांचा आवाज माझ्या कानाशी आला. "नाहीतर बादशहाच्या दुखण्याचं एवढं कशाला काढील?"

"कोण सांगणार? इथं आपल्याला ओळखतंय कोण?" या राधाक्का.

"मीच सांगतो त्यांना." प्रल्हादचा आवाज मी धड पहिल्यांदा ऐकला तो असा. "मला फिट्स येतात, लहानपणापासून येतात. एवढं सांगायचं आणि मोकळं व्हायचं."

"आणि मग?" आई म्हणाली. "बार्शीला सांगितलंस, अक्कलकोटला सांगितलंस. हातातला कप तरी पुरता पिऊ दिला का कुणी? दरवेळी तोंड पाडून परत यायचं. या खेपेला तू तोंड उघडलंस तर माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, प्रल्हाद. मी मेलेली बघशील."

शपथ घातली की आमच्यात बोलणं संपतं. मोठमोठी माणसं त्यापुढं हात टेकतात, आणि हे तर आईच्या मुठीतलं पोर. समोर तीन बारक्या आकृत्या उठल्या आणि आमच्याकडे यायला लागल्या.

राग आला होता हे खरं, पण तो कुणाचा ते मला नीट ठरवता येईना. म्हातारीचा यावा तर तिच्या आवाजात रडू होतं. मुलाचा यावा तर तो सांगायला निघाला होता. मी अप्पांकडे बघितलं. त्यांचे डोळे तसेच मिटलेले होते. बरं झालं, म्हटलं, यांना डुलकी लागलीय. खाली उतरताना शांतपणे त्यांना सगळं सांगायचं आणि पाहुण्यांना पोहे खाऊ घालून सन्मानानं परत पाठवायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

कुजबुजीची गंमत मी पाहुण्यांना दाखवली नाही. उतरताना ते तिघं पुढं गेले आणि आम्ही दोघं मागं राहिलो. बोलायला सुरुवात कशी करावी याची मी जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात अप्पाच बोलले.

"हल्ली त्यावर चांगली औषधं निघालीत," ते म्हणाले.

मी थांबले. "कशावर?"

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"तुम्ही जागे होता?"

"जागाच होतो."

"मग?"

"मग काय? मुलगा सज्जन आहे, तुंगा. सांगतो म्हणत होता, ते तूही ऐकलंस. नोकरी आहे, घर आहे. आणि वारिजाचंही बघायला हवं की आता." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. कोर्टात कागद वाचून दाखवताना त्यांचा आवाज असाच असायचा.

त्यांचं एक अक्षरही खोटं नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं, "अप्पा, मी तिथं बसले नसते, तुम्ही एकट्यानं ऐकलं असतं, तर मला सांगितलं असतं?"

"पायऱ्या सांभाळ," अप्पा म्हणाले. "इथं अंधार आहे."

खाली हिरवळीवर पाहुणे आमची वाट बघत होते. ऊन चढलं होतं. राधाक्का सतरंजीशिवायच गवतावर बसल्या होत्या आणि चेहऱ्यावर पाणी मारून त्यांनी नवीन कुंकू लावलं होतं. गुरुनाथरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले की आम्हाला मुलगी पसंत आहे, देण्याघेण्याचं काही नाही, तुमचं काय ते सांगा. अप्पांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, आमची काही हरकत नाही.

मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. मी ओरडले नाही, कारण ओरडून सगळं सांगितलं असतं तर अप्पांची अब्रू चारचौघांत गेली असती, आणि तरीही ती जाऊ नये असं मला वाटत होतं. काय करावं सुचत नव्हतं. तेवढ्यात प्रल्हाद म्हणाले, "मला एक विचारायचं होतं."

मुलानं मुलीला एखादा प्रश्न विचारायचा, हाही रिवाजच. राधाक्का लगबगीनं म्हणाल्या, विचार की, सैपाकाचं विचार. पण त्यांची नजर प्रल्हादांवरून हलत नव्हती.

प्रल्हाद माझ्याकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते.

"तुम्ही त्या राणीचं सांगितलंत. बादशहाचं दुखणं तिला लग्नाच्या आधी माहीत होतं का?"

गुरुनाथराव चटकन म्हणाले, इतिहास पुरे झाला आता, उन्हं वर आलीत. कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. अप्पा मान खाली घालून गवताची काडी मोडत होते.

"नाही," मी म्हणाले. "तेव्हा तो चांगला होता. दुखणं पुष्कळ मागाहून आलं. तिला फसवलं असं कुणाला म्हणता येणार नाही."

"आणि समजा," ते म्हणाले, आणि थांबले. मला वाटलं, आता आईकडे बघतील. ते माझ्याकडेच बघत राहिले. "समजा आधीपासूनच असतं. त्याला वाटत असतं की तिला कळायला हवं, पण त्याचं तोंड बांधलेलं असतं. तर तिनं काय केलं असतं?"

शपथ त्यांनी मोडली नाही. बादशहाविषयी बोलायचं नाही अशी शपथ राधाक्कांनी घातलेलीच नव्हती. त्या माउलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला तेव्हा त्यांची दया आली.

"असं तिला कुणी विचारलं असतं," मी म्हणाले, "तर ती हो म्हणाली असती. विचारलं म्हणून."

शेवटी राधाक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्याजवळ आल्या, आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. त्यांना किती कळलं होतं ते मी कधीच विचारलं नाही. घरी जाऊन सगळ्यांनी पोहे खाल्ले. राधाक्कांनी दोनदा मागून घेतले आणि वारिजाला म्हणाल्या, मीठ जरा कमी आहे, पण हात चांगला आहे.

पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे. आमचा संसार झाला, चांगला झाला. फिट्स येत राहिल्या. कधी जेवताना, कधी वर्गात, एकदा भर बाजारात. औषधं खरोखरच निघालेली होती, हळूहळू फिट्सचं प्रमाण कमी झालं. आमच्यात भांडणं व्हायची ती बाकी सगळ्या नवराबायकोंची होतात त्याच कारणांवरून. वारिजाचं लग्न पुढच्याच वर्षी झालं. अप्पा आमच्याकडे दिवाळीला येत, जावयाशी तासन्‌तास गप्पा मारत, आणि सगळ्यांना सांगत की मुलीला हिऱ्यासारखा नवरा मिळाला. तेही खरंच होतं.

आमचं लग्न वैशाखात विजापूरलाच झालं. आदल्या दिवशी संध्याकाळी गुरुजी आले आणि ओसरीवर बसून दुसऱ्या दिवशीचं सगळं समजावून सांगू लागले. धाकट्या काकूनं विषय काढला की वहिनी नाहीत, तेव्हा कन्यादान आम्ही दोघांनी करावं हे बरं, जोडपं लागतं. गुरुजी म्हणाले, तसं काही अडत नाही. बायकोच्या जागी कनवटीला सुपारी खोचायची, वडिलांना एकट्यालाही करता येतं. पुष्कळजण करतात. मुलीच्या बापाला तेवढं एक समाधान असतं.

अप्पा पुढं झाले. समोरच्या ताटातली एक सुपारी त्यांनी उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"नको," मी म्हणाले. "काका-काकूच करतील."

काकू खूश झाली. गुरुजींनी बरं म्हटलं आणि अक्षतांचं बोलायला लागले. घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. अप्पांनी सुपारी ताटात परत ठेवली आणि का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतर एवढी वर्षं जगले, तेव्हाही नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी माझा हात प्रल्हादांच्या हातात दिला, त्या वेळी माझे वडील मांडवाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना अत्तर लावत होते.